शिशाच्या पिशवीवर विसंबू नका

कॅमेऱ्याची फिल्म घेऊन विमानाने जाताना ‘८०० आयएसओच्या खालच्या फिल्मला स्कॅनरने काही होत नाही, भीती वाटलीच तर एक्स-रे अडवणारी शिशाची पिशवी घ्या’ असं सांगतात, ते जुन्या एक्स-रे मशीनपुरतं ठीक होतं. (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील त्याचा आकडा; आकडा मोठा तितकी फिल्म नाजूक.) आता बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानालाही सीटी स्कॅनर (सगळ्या बाजूंनी एक्स-रे टाकून त्रिमितीय चित्र घेणारे) आलेत आणि त्यात २०० ची फिल्मसुद्धा एका फेरीत धुरकटू शकते. फिल्म बनवणाऱ्या कोडॅकनेही तसा इशारा दिलाय. मशीन जाडजूड, गोलसर बोगद्यासारखं असेल आणि ‘लॅपटॉप आतच राहू द्या’ म्हणाले, की ते सीटीच समजायचं. शिशाच्या पिशवीचा तर उलटाच ताप, पडद्यावर नुसता काळा ठोकळा दिसतो आणि बॅग परत आत ढकलतात. चेक-इनमध्ये फिल्म टाकूच नका, तिथली मशीनं आणखी जोरदार.

माझे परतीच्या प्रवासात कोडॅकच्या पोर्ट्रा ४०० फिल्मचे तीन रोल असेच गेले. मागे लांब रांग होती, हाताने तपासा म्हणायला लाजलो. डेव्हलप केल्यावर आभाळात लाटांसारखे पट्टे, सावल्या ताकासारख्या पांढुरक्या. आता रोल डब्यांतून काढून पारदर्शक झिपलॉकमध्ये ठेवतो, ३२०० चा एक सगळ्यात वर दिसेल असा (तो बघून बहुधा वाद घालत नाहीत). हाताने तपासा म्हटलं की स्फोटकांचा अंश बघायला कापडाची पट्टी फिरवतात, दोन मिनिटांत मोकळे. कॅमेऱ्यात मात्र अर्धा रोल ठेवून जाऊ नका, उघडायला सांगितलं तर उजेड लागून फिल्म जाते, पंचाईत. मुक्काम लांबचा असेल तर तिथेच डेव्हलप करून घ्या, धुतलेल्या निगेटिव्हला स्कॅनरची भीती नाही.