मदत हवी आहे: ऑलिंपस-ओएमच्या लेन्स ठेवाव्यात की विकून निकॉनकडे जावं?

नमस्कार मंडळी,

दोन महिने एक निर्णय अडलाय, म्हणून इथे विचारते आहे. माझ्याकडे २०१७ साली घेतलेला ऑलिंपस ई-एम१ मार्क टू कॅमेरा, पक्ष्यांसाठी ३०० मिमी एफ/४ लेन्स आणि अगदी जवळून टिपायची ६० मिमी मॅक्रो लेन्स आहे. हिवाळ्यात भिगवणला पक्षी, पावसाळ्यात आंबोलीला बेडूक असं माझं वर्ष चालतं. आता नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यायची वेळ आली आहे.

गेल्या जानेवारीत भिगवणला होडीत आम्ही सहा जण होतो. जादाची बॅटरी मी गाडीतच विसरले होते, आणि नेमका ऑस्प्रे हा शिकारी पक्षी मासा घेऊन डोक्यावरून गेला तेव्हा माझा कॅमेरा बंद. होडीत कॅननवाले तीन, निकॉनवाला एक, सोनीवाला एक. माझी बॅटरी कुणाकडे असणार? मार्केट शेअर हा शब्द पेपरात बऱ्याचदा वाचला होता, त्या दिवशी तो अंगावर आला. शेजाऱ्याची लेन्स लावून बघता येते का, एखादी बॉडी दोन दिवस भाड्याने मिळते का, विकायला काढली तर किती फोन येतात, हे सगळं त्यावरच ठरतं.

तरीही हा कॅमेरा मी पूर्ण विचार करून घेतला होता. उजव्या खांद्याचं दुखणं जुनं आहे. या छोट्या सेन्सरवर ३०० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ६०० इतकं जवळ आणते, आणि कॉलरसकट (तिवईला लावायच्या कड्यासकट) तिचं वजन १४७५ ग्रॅम. त्या वेळी कॅनन-निकॉनच्या ६०० एफ/४ लेन्स पावणेचार किलोंच्या पुढे होत्या. अंधारात माझ्या फोटोत दाणे जास्त येतात हे मान्य, पण हातात उचलता येते ती लेन्स माझी. ऑलिंपसची चाल मला तेव्हाही पटली होती: थोरल्या कंपन्यांच्या फडात उतरून फुल फ्रेमची कुस्ती खेळायची नाही, आपला फड वेगळा लावायचा. बेडकाचे वेगवेगळ्या फोकसवरचे आठ फोटो कॅमेराच जोडून देतो. बटण पूर्ण दाबण्याआधीचे क्षण साठवणारं प्रो कॅप्चर या बॉडीत २०१६ पासून आहे. खंड्या फांदीवरून सूर मारतो तेव्हा त्याची किंमत कळते.

मग जून २०२० मध्ये ऑलिंपसने कॅमेऱ्याचा धंदा विकायचं जाहीर केलं. सलग तीन वर्षं तोटा होता. जपान इंडस्ट्रियल पार्टनर्सने तो घेतला (सोनीचा वायो लॅपटॉप घेणारे हेच) आणि जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्स ही वेगळी कंपनी झाली. २०२२ ला ओएम-१ आला, २०२४ ला त्याचा मार्क टू, २०२५ ला ओएम-३. म्हणजे हातपाय हलतायत. पण जगभरात २०१० मध्ये १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून निघाले होते, २०२० मध्ये ९० लाखही नाहीत. एवढ्याशा ताटात धाकट्याच्या वाट्याला काय येणार, असं भाऊ म्हणतो.

खरी धास्ती मला निकॉनच्या ६०० एफ/६.३ पीएफ या हलक्या लेन्सची वाटते. २०२३ ला आली, कॉलरसकट १४७० ग्रॅम! माझ्या लेन्सहून पाच ग्रॅम हलकी, आणि तीही फुल फ्रेमसाठी. आली तेव्हा किंमत ४८०० डॉलर होती. माझी लेन्स बाजारात आली तेव्हा २५०० ला होती. निकॉनची झेड८ बॉडी ओएम-१ पेक्षा ३०० ग्रॅमने जड आहे, पण तेवढं खांदा सोसेल. उलट ओएमने २०२४ ला जी १५०-६०० काढली ती दोन किलोंच्या वर, आणि सिग्मा या लेन्स बनवणाऱ्या कंपनीच्या लेन्सशी अगदी मिळतीजुळती. ज्या हलकेपणावर आपण उभे आहोत तोच सोडून थोरल्यांच्या मापाची लेन्स का काढावी? हे मला खरंच खटकलं.

तर प्रश्न असा, की पाच-सात वर्षांचा विचार करून पैसे ओएममध्येच घालावेत का? दोन्ही वापरलेल्यांनी जरूर लिहा.

---

उजनीकर:

ताई, थोरली कंपनी म्हणजे खात्री, हे आधी मनातून काढा. निकॉन १ ही कॅमेऱ्यांची मालिका २०११ ला आली आणि २०१८ ला बंद झाली. कॅननचा ईएफ-एम माउंटही (बॉडीला लेन्स बसवायची जोडणी) गेला. सॅमसंगने तर कॅमेरेच सोडले. तुमचा मायक्रो फोर थर्ड्स माउंट २००८ पासून पॅनासॉनिकबरोबर सामाईक आहे. उद्या ओएम थांबली तरी तुमची ३०० पॅनासॉनिकच्या जी९ मार्क टू बॉडीवर बसेल. फक्त हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारं लेन्समधलं आणि बॉडीतलं स्थिरीकरण जोडीने चालणार नाही. धाकट्यांनी एक माउंट वाटून घेतला, ही त्यांची सगळ्यात शहाणी चाल आहे असं मला वाटतं. मी स्वतः मात्र झेड८ वर गेलो. पहाटे साडेसहाच्या उजेडात फरक दिसतो, खोटं कशाला बोलू.

रानजाई:

आंबोलीचं कुणी बोलतच नाहीये. ओएम-१ आणि ९० मॅक्रो, दोन्हींना धूळ-पाण्यापासून बचावाचं आयपी५३ मानांकन आहे. जुलैच्या रात्री तीन तास पावसात बसून मी त्यावर बेडूक टिपलेत. पक्ष्यांसाठी काहीही घ्या, ६० मॅक्रो विकू नका.

---

उजनीकर, रानजाई, मनापासून आभार. सामाईक माउंटचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मॅक्रो राहील, एवढं नक्की झालं. आता एकच विचारते: जी९ मार्क टूवर ३०० एफ/४ लावून उडते पक्षी कुणी टिपलेत का? फोकस पक्ष्याला धरून राहतो का? पुणे-सातारा भागात कुणाकडे ही बॉडी असेल तर माझी लेन्स घेऊन मी भिगवणला यायला तयार आहे. या वेळी बॅटऱ्या दोन आणीन.