फ्रेंच क्वार्टरमध्ये एकच रात्र, कुठे जेवू?

प्रश्न: अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला, तिथल्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागात, आई-बाबांना घेऊन चाललोय. जुनं क्रिओल (फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकन अशा मिश्र वळणाचं तिथलं जेवण) हॉटेल हवंय. बाबा कोट घालणार नाहीत, आईला डुक्कर-बीफ चालत नाही.

उत्तर: मग बर्बन स्ट्रीटवरचं गॅलटवार्ज (१९०५) बादच. संध्याकाळी पुरुषांना जॅकेट लागतं. मी तर आंत्वान्सलाच नेईन. १८४० पासून एकाच घराण्याकडे आहे. ऑयस्टर्स रॉकफेलर (हिरवं सॉस घालून भाजलेली कालवं) इथलेच, मूळ कृती अजून गुप्त!

उत्तर: गंबो (तिथला दाट रस्सा) मागवताना आधी विचारा. सीफूड गंबोतही अँडुई, म्हणजे डुकराचं सॉसेज, असू शकतं. भेंडीची तार तिथे मुद्दाम ठेवतात, दाटपणासाठी. आई नाक मुरडतील.

प्रश्नकर्ता: आणि केजन (लुइझियानाच्या ग्रामीण भागातलं जेवण)? के-पॉल्स हॉटेल कसंय?

उत्तर: शेफ पॉल प्रुडॉमचं ना? २०२० मध्येच बंद झालं.