मायक्रोवेव्हचं दार वाकलंय, लीकेज कसं तपासायचं? मदत हवी आहे
शिफ्टिंगमध्ये मायक्रोवेव्हच्या दाराची खालची बिजागरी वाकली, कोपऱ्यात बारीक फट दिसते, तरी दार लागतं आणि ओव्हन चालू होतो. सध्या प्लग काढून ठेवलाय. आत मोबाईल ठेवून रिंग दिली तर वाजला, पण त्यावरून काही ठरत नाही, ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, फोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, आणि फोनला अगदी क्षीण सिग्नलही पुरतो. ओव्हनपासून 5 सेंमीवर 5 मिलिवॅट प्रति चौ. सेंमी ही लहरींच्या लीकेजची मर्यादा माहितीये. कॅन्सरची भीती नाहीये (हे काही एक्स-रे नव्हेत), पण डोळ्यांची आहे, शिवाय सासऱ्यांना पेसमेकर बसवलाय. सर्व्हिसवाला मीटर न लावताच "नवीन घ्या" म्हणतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त लीकेज मीटर भरवशाचे असतात का, की पुण्यात कुणी कॅलिब्रेटेड मीटरने तपासून देतं? आणि नुसती बिजागरी बदलून भागेल की अख्खं दारच बदलावं लागेल?