हारतुऱ्यांपलीकडचं काम

रोटरी, लायन्स यांसारखे समाजसेवा करणारे क्लब म्हणजे नुसते हारतुरे आणि फोटो, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. रोटरीने १९८५ मध्ये जगभर पोलिओविरुद्ध मोहीम उघडली आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. हे काम सरकारी यंत्रणेचं होतंच, पण स्वयंसेवकांचा वाटा विसरू नये.

खरी अडचण वेगळी आहे. रोटरीत दर १ जुलैला अध्यक्ष बदलतो आणि मागच्या वर्षीचं काम अनेकदा तिथंच थांबतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर एक दिवसाचं शिबिर झालं, चष्मे वाटले, चांगलंच केलं. पण नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी, औषधं, समुपदेशन हे वर्षानुवर्षं चालायला हवं.

त्यासाठी रोटरीच्या ग्लोबल ग्रँटचा, म्हणजे मोठ्या प्रकल्पांसाठीच्या अनुदानाचा, मार्ग आहे: एक क्लब इथला, एक परदेशातला, किमान ३० हजार डॉलरचा प्रकल्प. आधी गावाच्या गरजांची पाहणी सक्तीची असते (मला ही अट फार मोलाची वाटते). ती पाहणी दूर जळगावसारख्या शहरात बसून करू नका. पाड्यावरच्या आशाताईंना, म्हणजे आरोग्य स्वयंसेविकांना, घरन् घर माहीत असतं, पहिली बैठक त्यांच्यासोबत धडगावातच घ्या.