मचाणावर बसणारा भेकड असतो म्हणे

माळरान:
गेल्या आठवड्यात इथे, अमेरिकेतल्या आपल्या मराठी लोकांच्या फोरमवर, 'नोव्हेंबरातली हिंसा' अशी पोस्ट आली होती. सार एवढंच की झाडाला शिडी लावून पंधरा-वीस फुटांवर दडून बसायचं आणि खाली चरायला आलेलं हरीण टिपायचं हा भेकडपणा आहे, आणि 'आपल्यातले जे लोक एकरांनी जमीन घेऊन तिथे शेजाऱ्याला मचाण बांधू देतात ते त्याच्याहून मोठे पापी'. आठ दिवस गप्प बसले, आता नाही बसवत. ती जमीन माझ्यासारख्यांचीच आहे, तेव्हा उत्तर मीच देते.

विस्कॉन्सिन राज्यात डॉजव्हिलजवळ आमची चौदा एकर आहे. घेतली तेव्हा पहिलं काम काय केलं असेल तर चारही बाजूंना 'शिकार बंद'च्या पाट्या ठोकल्या. हरणं अंगणात यायची, आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघून हात जोडायची, सगळं छान. तीन वर्षांनी झाडीत खाली बघितलं तर कमरेच्या खाली काहीच उगवत नव्हतं. मोठे ओक उभे, पण त्यांची पोरं एक नाही. आम्ही बर ओकची साठ रोपं लावली. ज्यांना प्लास्टिकच्या नळ्या घातल्या ती जगली, बाकीची शेंड्यापासून ओरबाडलेली. सशाने खाल्लं तर कात्रीने कापल्यासारखा तिरपा काप असतो, हरणाला वरचे पुढचे दात नसतात त्यामुळे ते फाडतं, टोकाला सालीच्या दशा लोंबतात. मी प्रत्येक रोपापाशी गुडघ्यावर बसून बघितलंय. झाडीत ट्रिलियम नावाच्या रानरोपाची पांढरी फुलं मे महिन्यात यायची ती दोन वर्षांत गेली.

इथे लांडगे उत्तरेला आहेत, आमच्या बाजूला नाहीत, प्यूमा तर शंभर वर्षांपूर्वीच संपले. मग हरणांना मारणार कोण? गाड्या मारतात, आणि उपासमार मारते. शेजारचे दुधाचा धंदा केलेले म्हातारे काका, सत्तरी ओलांडलेले, दारात टोपी काढून उभे राहिले आणि विचारलं, मचाण लावू का. मी हो म्हटलं. आजही हो म्हणेन.

आता भेकडपणाचं बोलू. मी त्या मचाणावर चढलेय. वरून मारलेली गोळी खाली जमिनीत जाते, हेच तर मचाणाचं कारण आहे. जमिनीवरून सपाट झाडलेली गोळी चुकली की टेकडीपलीकडे कुणाच्या घरात जाईल सांगता येत नाही. शिवाय वर बसलं की हरीण जवळ येईपर्यंत थांबता येतं, नीट बघता येतं की मादी आहे की नर, मागे दुसरं कुणी आहे का. काका पहिल्या वर्षी चार दिवस बसून एकदाही बार न काढता उतरले, कारण प्रत्येक वेळी मागे आमच्या घराची दिशा येत होती.

सुखदा:
ती पोस्ट माझी. एकही शब्द मागे घेणार नाही.

मी विस्कॉन्सिनमध्येच, व्हरोना गावाच्या कडेला राहते, आमच्या मागच्या कुंपणापलीकडे खासगी झाडी आहे आणि तिथे असंच एक मचाण आहे. मागच्या वर्षी ऑक्टोबरात सकाळी साडेसातला मुलीला शाळेच्या बसला सोडायला निघाले तर झोपाळ्याखाली एक मादी बसलेली. बसलेली म्हणजे उठताच येत नव्हतं. पोटातून बाण आरपार, मागच्या बाजूला पिसं, पुढे टोक. डोळे उघडे होते आणि श्वासाबरोबर पोटातून आवाज येत होता. मुलगी सहा वर्षांची. ती अजून त्या झोपाळ्यावर बसत नाही, शेवटी काढून टाकला. ज्याने मारलं तो दुपारी आला, सॉरी म्हणाला, आत येऊन नेऊ का विचारलं, कायद्याने विचारावंच लागतं म्हणे. पाच तास ती तिथे होती. तुमचे काका चार दिवस थांबले असतील, सगळे नाही थांबत. आणि तुमच्या ओकच्या रोपांसाठी हे सहन करायचं? नळ्या घाला ना साठच्या साठ रोपांना.

पांढरीचा_माणूस:
ताई, वाईट वाटलं वाचून, पोरीने ते बघायला नको होतं. पण 'मचाण' शब्द वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, आता मिनीॲपोलिसला असतो. आमच्या वावरात मचाण आहे. बाप अडुसष्ट वर्षांचा आहे आणि नोव्हेंबर-डिसेंबरात रोज रात्री जागलीला त्या मचाणावर असतो, कारण तूर आणि हरभरा उभा असतो आणि रोही (नीलगायी) आले की एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत साफ. रानडुकरं तर खातात कमी आणि लोळून नासवतात जास्त. बापाजवळ काय असतं? बॅटरी, पत्र्याचा डबा आणि गोफण. मारायचं नाही, फक्त हाकलायचं, ते शेजाऱ्याच्या वावरात जातात, तिथला माणूस परत आमच्याकडे हाकलतो. गावोगाव लोक शेवटी कुंपणात करंट सोडतात आणि त्यात माणसं मरतात, वाघ मरतात. आमच्या गावात एक पोरगा गेला, स्वतःच्या चुलत्याच्या तारेवर. इकडे अमेरिकेत मचाणावरच्या माणसाच्या हातात लायसन आहे, एकेका हरणाच्या परवानगीचा टॅग आहे, नियम आहे. तिकडे मचाणावर माझा बाप थंडीत कुडकुडतो.

तळकोकण:
पांढरीवाले भाऊ, शंभर टक्के. आमच्या बाजूला, सिंधुदुर्गात, शेती संरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक घरोघर होती. आजोबांची होती. निवडणूक आली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायची, निवडणुकांमागून निवडणुका, आणि तेवढ्या काळात डुकरं भाताची मळणी आधीच करून जातात. आजोबा गेल्यावर परवाना बाबांच्या नावावर करायला सहा वर्षं फेऱ्या मारल्या, शेवटी सोडून दिलं. आता वरच्या मळ्यात भात लावतच नाही. चार पिढ्यांचा मळा, तिथे रान माजलंय.

सुखदा:
विषय विस्कॉन्सिनमधल्या शिकारीचा आहे. तिथे कुणाचं पोट हरणावर अवलंबून नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं दुःख पुढे करून इथल्या शिंगांच्या हौशीला पांघरूण घालू नका.

पांढरीचा_माणूस:
पांघरूण? माझ्या बापाचं नाव घेऊन मी पांघरूण घालतोय? तुम्ही एक हरीण पाच तास मरताना बघितलं आणि झोपाळा काढला. माझ्या बापाने हातचं पीक किती वेळा जाताना बघितलं, तो काय काढून टाकेल? वावर? प्राण्याचा जीव शेतात राहणाऱ्यापेक्षा बाल्कनीत राहणाऱ्याला जास्त कळतो ही जी समजूत आहे ना, तिच्यामुळेच तिकडे कायदा असा झालाय. परवानगीची सोय कागदावर आहे, अर्ज करा, पंचनामा करा, तोवर हंगाम संपतो.

सुखदा:
मी बाल्कनीत नाही वाढले. माझं माहेर नाशिकजवळ, द्राक्षाची बाग होती. उगाच ठरवू नका कोण कुठलं.

ऑरेंज_जॅकेट:
मी स्वतः शिकार करतो, आणि तरी मला माळरान ताईंचं पटलेलं नाही. पण बाजू सुखदा ताईंची पण घेत नाही.

उत्तरेत शेक्वामेगन-निकोले नॅशनल फॉरेस्टमध्ये जातो, पब्लिक लँड, पायी, बर्फात ठसे काढत. खासगी मचाणांचा प्रॉब्लेम असा की गन सीझनच्या, म्हणजे बंदुकीने शिकारीच्या हंगामाच्या, नऊ दिवसांत मचाणावरचा माणूस वाट कुणाची बघतो? मोठ्या शिंगांच्या नराची. वर्षभर खाली हरणांना ओढायला क्लोव्हरचा चारा पेरतो, कॅमेरे लावतो, फोटो बघून नर ठरवतो, आणि पाच माद्या खालून गेल्या तरी बार काढत नाही. मग हरणं कमी कशी होणार? 1996 मध्ये राज्याने 'अर्न अ बक' आणलं होतं, ज्या भागात हरणं जास्त तिथे आधी बिनशिंगाचं हरीण मारा मगच नराचा टॅग. हरणं कमी करायला तो नियम लागू पडत होता. शिकाऱ्यांनीच आरडाओरडा केला आणि 2011 मध्ये तो कायद्याने बंद झाला. तेव्हा झाडी वाचवायला मचाण लावतो हे मला कुणी सांगू नये.

दुसरं. परवानगी तोंडी देऊ नका. 2004 च्या नोव्हेंबरात सॉयर काउंटीत काय झालं ते इथले जुने लोक विसरले नसतील. आग्नेय आशियातून इथे आलेल्या ह्मोंग समाजातला एक शिकारी दुसऱ्याच्या जमिनीवरच्या मचाणावर सापडला, मालकाच्या लोकांनी उतरायला सांगितलं, वाद झाला, आठ जणांना गोळ्या लागल्या, सहा मेले. त्याला जन्मठेप झाली. आधी आपल्याला वंशावरून शिव्या दिल्या असं तो कोर्टात म्हणाला. आणि 2007 च्या जानेवारीत पेश्टिगोजवळ एका ह्मोंग माणसाचा गोऱ्या शिकाऱ्याने खून केला, तो बिचारा खारी मारायला गेला होता. त्या नंतर कित्येक वर्षं मी गॅस स्टेशनवर शिकाऱ्याचं केशरी जॅकेट घालून उतरलो की लोक माझ्या चेहऱ्याकडे दोनदा बघायचे. मी त्या माणसाचा कुणी नाही, पण त्या नजरेत तो फरक नव्हता. म्हणून सांगतो, कोण येणार, कुठल्या तारखांना, कुठलं झाड, सगळं लिहून सही घ्या आणि हद्दीवर रिबिनी बांधा.

अनघा_फिजिओ:
सगळे हरणावर भांडताय, मी मचाणावरून पडलेल्या माणसांवर काम करते. दर वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर. गोळीने नाही, पडून. चाळिशीचा माणूस, पंधरा फुटांवरून, मणका. पडू नये म्हणून अंगाला बांधायचा हार्नेस गाडीत होता. बहुतेक वेळा वर बसल्यावर नाही, शिडीवरून मचाणावर पाय टाकताना पडतात. माळरान, तुझ्या काकांचे मचाण बांधायचे पट्टे किती वर्षं त्या झाडावर आहेत? ऊन, बर्फ, खारींचे दात, आणि झाड जाड होतं तसा पट्टा ताणतो. बाहेरून ठीक दिसतो आणि वजन पडलं की तुटतो. तो सत्तर वर्षांचा माणूस तुझ्या जमिनीवर पडला तर? कायद्याचं नाही विचारत, फुकट परवानगी दिली असेल तर विस्कॉन्सिनमध्ये मालकाला बरंच संरक्षण आहे. तुझ्या मनाचं विचारतेय.

माळरान:
अनघा, तुझी पोस्ट वाचून आत्ता टॉर्च घेऊन जाऊन आले. खालचा पट्टा बोटाने दाबला तर कडेचे धागे पिठासारखे सुटले. तीन वर्षं तोच आहे. काकांना फोन केला, उद्या दोघं मिळून मचाण खाली घेतोय. नवे पट्टे आणि जमिनीपासून वरपर्यंत बांधायची दोरी येईपर्यंत चढायचं नाही असं सांगितलं. कुरकुरले.

ऑरेंज_जॅकेट, तुमचं शिंगांबद्दलचं खरं आहे, आणि हे मान्य करताना मला त्रास होतोय कारण मला तुमचा सूर आवडलेला नाही. आमच्या पूर्वेला जो माणूस आहे तो अगदी तसाच, क्लोव्हर, कॅमेरे, सगळं. काकांना मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, माझ्या जमिनीवर मादी आधी. पाच सीझनमध्ये त्यांनी इथे नऊ हरणं मारली, त्यातल्या आठ माद्या. प्रत्येकाचं डोकं तपासणीच्या पेटीत टाकतात, कारण सीडब्ल्यूडी, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग, 2002 मध्ये याच पट्ट्यात, माउंट होरेबजवळ, पहिल्यांदा सापडला. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये, दोनदा पॉझिटिव्ह आलं आणि दोन्ही वेळा सगळं टाकून दिलं. उरलेल्यातलं आम्हाला मिळतं, मी काळा मसाला घालून करते, आणि ज्याने मारलं त्याला मी नावाने ओळखते. दुकानातल्या मटणाबद्दल मला एवढंही सांगता येत नाही.

सुखदा, तुझ्या मुलीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. काकांच्या हातूनही एकदा झालंय. रायफलच होती, संध्याकाळ, घाई केली. टॉर्च घेऊन आम्ही तिघं रात्री अकरापर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरलो, पानावर थेंब काळा दिसतो, बोट लावून बघावं लागतं. ओढ्यापाशी माग संपला. सकाळी सापडली ती, कोल्ह्यासारख्या कोयोटींनी अर्धी खाल्लेली. काका त्या सीझनला परत चढले नाहीत. साठ रोपांना नळ्या घालता येतात, सगळ्या झाडीला नाही, ट्रिलियमला नाही.

सुखदा:
ते सापडेपर्यंत शोधत राहिले, हे आमच्याकडच्याने केलं नाही. एवढं मानते. पण रक्ताचा माग संपतो तिथे तुमची सगळी बाजू पण संपते, माझ्यासाठी तरी. 'पापी' हा शब्द काढते, 'भेकड' ठेवते, बाणवाल्यांसाठी.

आणि पांढरीचा माणूस, तुमच्या वडिलांबद्दल मी तसं लिहायला नको होतं. आमच्या बागेतही रात्री माणूस असायचा, त्याच्याकडेही डबाच होता. तो कोण होता हे मी कधी विचारलंही नाही.

पांढरीचा_माणूस:
ठीक आहे ताई. तिकडे पहाट होतेय, बापाला फोन लावतो, आत्ता उतरला असेल.

अनघा_फिजिओ:
माळरान, उद्या मचाण काढताना पण हार्नेस घाला. काढताना पडलेले दोघं माझ्याकडे आत्ता चालू आहेत.