अनुभव धागा: कान, शेपटी आणि ती

जपानी ॲनिमे बघणाऱ्या, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स वाचणाऱ्या मंडळींनो, आज यादी नको. कोल्ह्याची शेपटी असलेली, मांजराचे कान असलेली, लांडग्यांत वाढलेली किंवा एखाद्या रानदेवाशी गट्टी जमलेली जी मुलगी तुमच्या मनात घर करून बसली आहे, तिच्याबद्दल लिहा. एकीबद्दलच. गोड आहे हे आम्हालाही दिसतं, त्यापलीकडचं सांगा.

*

माझी मेई. 'माय नेबर तोतोरो' (१९८८) मधली, चार वर्षांची. आमची लेक साधारण तेवढीच, त्यामुळे घरात या चित्रपटाची पारायणं चालू असतात. बहुतेकांना मेई तोतोरो या भल्यामोठ्या रानदेवाच्या पोटावर झोपते ते दृश्य आठवतं. मला आठवतं मक्याचं कणीस. आई दवाखान्यात, तिचं घरी येणं लांबलेलं, आणि हे कणीस खाल्लं की आई बरी होईल म्हणून ही पोर ते उराशी धरून एकटीच निघते. तोतोरो आईला बरं वगैरे करत नाही. हरवलेल्या मेईला शोधायला थोरल्या बहिणीला मांजरबस, म्हणजे बस झालेलं एक भलंमोठं मांजर, बोलावून देतो, एवढंच. दिग्दर्शक मियाझाकींनी रानदेवाला एवढंच काम दिलंय, म्हणून तर तो खरा वाटतो. लेकीला विचाराल तर तिचं उत्तर वेगळं आहे: बसला केस आहेत!

*

मी नोकरीनिमित्त नागोयात असतो. कोल्हेवाल्या मुलींचं वेड जुनं, त्यामुळे क्योतोचं फुशिमी इनारी, म्हणजे कोल्हे ज्याचे दूत मानतात त्या इनारी देवाचं देवस्थान, आल्या आल्याच उरकलं होतं. पण दचकलो ते इथून तासाभरावरच्या तोयोकावा इनारीला. नाव इनारी असलं तरी ते शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं देवस्थान नाही, झेन पंथाचं बौद्ध मंदिर आहे. तिथली देवी पांढऱ्या कोल्ह्यावर स्वार, खांद्यावर भाताची पेंढी, आणि नाव दाकिनी! आपल्याकडे डाकीण म्हणून पोरांना जिची भीती घालतात, तिच्यापुढे इथे दुकानदार धंद्यात बरकत मागतात. मागच्या अंगाला दगडी कोल्ह्यांची दाटी आहे, हजाराच्या घरात, गळ्यात लाल लाळेरी बांधलेले.

घरी येऊन तामामो-नो-माए या बाईचं रूप घेणाऱ्या नऊ शेपट्यांच्या कोल्हीची कथा पुन्हा वाचली. जपानच्या दरबारात शिरण्याआधी तिने भारतात हानझोकू नावाच्या राजपुत्राला नादी लावलं होतं, अशी ती कथा. हा हानझोकू म्हणजे आपल्या पुराणांतला कल्माषपाद. जुना जपानी चित्रकार होकुसाई याने त्याचं चित्रही काढलंय. आजच्या गेम्समध्ये तीच बाई लाडिक, शेपटी हलवणारी मुलगी झाली आहे, आणि मला ते आवडतं. एवढा प्रवास केलेल्या बाईने थोडा नखरा केला तर बिघडलं कुठे?

(देवळाबाहेर इनारीझुशी जरूर खा. तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला आंबटगोड भात.)

*

मी जरा विरोधी सूर लावते. निम्म्या मालिकांतून ते कान काढून टाका, कथेत काडीचा फरक पडणार नाही. कान चिकटवले, वाक्याच्या शेवटी 'न्या' (जपानीतलं म्याव) म्हणायला लावलं, की बाहुल्या विकायला मोकळे. आणि वय शेकडो वर्षं सांगायचं, चित्र मात्र शाळकरी पोरीचं काढायचं, ही पळवाट मला अजिबात पटत नाही.

याउलट युमिको ओशिमांनी १९७८ साली सुरू केलेली मांगा बघा, 'द स्टार ऑफ कॉटनलँड'. मांजराचं पिल्लू वाचकाला कान असलेली मुलगी दिसतं, कथेतल्या माणसांना मात्र मांजरच. तिला वाटतं, मोठं झालं की आपण माणूस होणार, आणि सांभाळणाऱ्या मुलावर तिचा जीव जडलेला. इथे कान काढून बघा बरं! कथाच उरत नाही.

*

सान, 'प्रिन्सेस मोनोनोके' चित्रपटातली, लांडग्यांत वाढलेली. गोड अजिबात नाही. नायकाला पहिल्यांदा दिसते तेव्हा लांडगी-आईच्या जखमेतलं रक्त चोखून थुंकत असते. धाग्यात बसत नसेल तर उडवा.

*

सान बसते हो, राहू दे.

माझं उत्तर 'नात्सुमेज बुक ऑफ फ्रेंड्स' या ॲनिमे मालिकेतलं. सगळे त्यातल्या लठ्ठ मांजरावर, न्यांको-सेन्सेईवर फिदा असतात. मला सुरुवातीच्याच एका भागातली हाना आवडते. तरुणपणी ती रानातल्या एका लहानशा देवळीत पीच ठेवते. आतला देव तिला दिसत नाही, तो मात्र तिच्यात गुंतलेला. पुढे एकेक भक्त कमी होत जातो, तसतसा देव आक्रसत अगदी इवलासा होतो. शेवटी म्हातारी हाना तेवढी उरते. ती गेल्यावर तोही जातो, आणि समाधानाने जातो.

आमच्या कोकणातल्या वाडीचा राखणदार आठवला. आजी होती तोवर त्याचा नारळ चुकला नाही. आता भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी वाद: यंदा कोणाला सुट्टी आहे? हा भाग बघितल्यावर मी ग्रुपवर टाकला. चुलतभावाचं उत्तर आलं, "कार्टून बघून देवधर्म शिकवतेस?" पण मे महिन्यात गाडी त्यानेच काढली.

विरोधी सूरवाल्या ताई, हानाला कान-शेपटी काही नाही. तुम्ही बघाच.