मदत हवी आहे: सागवानी दाराचं जेवणाचं टेबल, पण दिल्ह्यांच्या (दाराच्या चौकटीत बसवलेल्या पॅनेलांच्या) कडेला फटी पडतात

दार साडेसहा बाय अडीच फूट, चौकट दीड इंच जाड. पाय म्हणून जुन्या पलंगाचे खूर लावलेत, ते पक्के आहेत. ऑइलपेंट रिमूव्हरने काढला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासलं नाही. किडीच्या भोकांत सिरिंजने औषध सोडलंय, नवा भुसा पडत नाही.

अडचण दिल्ह्यांची. ते चौकटीपेक्षा अर्धा इंच खोल आहेत. आधी फेविकॉल-भुशाचा लगदा भरला, तो तडकला. मग प्लायचे तुकडे थेट चिकटवले. सोलापूरच्या ४२ अंशांत दिल्हा आक्रसला आणि प्लायला घेऊन सरकला. कडेने नख जाईल एवढी फट! दिल्हा खाचेत मोकळाच असतो, तो हलणारच, हे मान्य.

वर काच नको (घरात लहान मूल आहे), सनमायका तर नकोच, मग सागवान कशाला?

आता १२ मिमीची सागाची फळी, नऊ इंच रुंद, मधोमध स्क्रूच्या एकाच ओळीवर बसवून कडा मोकळ्या सोडायचा विचार आहे. पावसाळ्यात फुगेल हे धरून दोन्हीकडे दोन-दोन मिमी पुरतील का? आणि त्या फटीत खरकटं अडकू नये, पण फळीही हलती राहावी, असं काय भरावं?